वेळेवर आरवलेला कोंबडा

१

कुंडलच्या भाऊसोंचा मेंढा चोरीला गेला ही बातमी सकाळी दहाला शेडातून निघाली, साडेदहाला पलूसला पोचली आणि अकराला परत आली तेव्हा एका मेंढ्याचे चार झाले होते.

मेंढा साधा नव्हता, एवढं मात्र खरं. माडग्याळी जात. पोपटाच्या चोचीसारखं नाक, तेही इतकं बाकदार की पाणी प्यायला वाकला की आधी नाक भिजायचं आणि तोंडाची पाळी मागाहून यायची. सकाळी बदाम, संध्याकाळी म्हशीचं दूध, उन्हाळ्यात डोक्यावर पंखा. नाव कॅप्टन. चार तालुक्यांतल्या मेंढ्यांना त्याची भेट हवी असायची आणि भाऊसो ती फुकट घडू देत नसत.

नाथाजीला त्या नावाचाच राग होता. लष्करी इस्पितळांत चोवीस वर्षं नर्सिंग असिस्टंटगिरी करून तो हवालदार म्हणून घरी आला होता. हे जनावर सहाव्या महिन्यात कॅप्टन झालं. सलाम तेवढा ठोकायचा राहिला होता.

आणि तो दिवा. चोरांच्या धास्तीनं भाऊसोंनी दोन महिन्यांपूर्वी शेडावर फोकस चढवला होता. पांढराफेक, रात्रभर चालू. त्याच्या उजेडात दोन फर्लांगांवरच्या उसात बसून पेपर वाचता यायचा. वडावरची वटवाघळं पंधरा दिवस कशीबशी थांबली आणि मग बिऱ्हाड उचलून नदीपल्याड गेली. माणसांना तशी सोय नव्हती.

दुपारी दीडला भाऊसोंनी नाथाजीला बोलावून घेतलं. ओसरीवर मेंढ्याच्या ढालींच्या रांगेत एक छोटी बाटली ठेवली होती.

"हवालदार, तुमी येवढंच लिवून द्या, ह्या गोळ्या गुंगीच्या हायत. खाली सही करा. बाकीचं फौजदार बगतील."

"काय हाय ह्यात?"

"मेलाटोनिन. नावातच मेला हाय, आजून काय पुरावा पायजे तुमाला?"

भाऊसोंच्या मते प्रकरण सरळ होतं. त्यांची सून प्रांजल हिनं रात्री दुधातून या गोळ्या जयराजला चारल्या. जयराज म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. मेंढ्याची राखण त्याच्याकडं. तो लाकडासारखा पडला. मग लोणंदवरून सुनेचा भाऊ गाडी घेऊन आला असणार, आणि मेंढा लोणंदच्या बाजारात गेला असणार. बाटली शेडातच सापडली.

"मला बी कायतरी चारलं आसंल बगा," भाऊसो आवाज खाली आणून म्हणाले. "दोन महिन्यांत पयल्यांदा मी सकाळी साडेनवापातुर झोपलो. आख्खं घर झोपलं. म्हनून तर दहापातुर कुनाला पत्ताच न्हाई."

"अमृतला कळिवलंसा?" अमृत म्हणजे प्रांजलचा नवरा, लडाखला पोस्टिंगवर.

"तितं बर्फ पडलाय, फोन लागत न्हाई. न लागला तेच बरं. पाचला तिचा बा येतोय, घिऊन जाऊ दे तिला. परत हितं पाय ठिवायचा न्हाई."

नाथाजीनं बाटली खिशात टाकली. "सही करतो की. पर चोवीस वर्षांत मी रोगी बगितल्याबिगार कागदावर सही केली न्हाई."

"रोगी कोन हितं?"

"तेच बगायचं हाय," नाथाजी म्हणाला.

२

प्रांजलच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यावर काळं जाड कापड ठोकलेलं. बॅग भरून दाराशी उभी होती.

"आबा, तुम्हीपण सही करायला आलात का?"

"बस. हे कापड कशाला ठोकलंस?"

"रात्रभर काम असतं. अमेरिकेतल्या इस्पितळांचे कागद टाइप करते. दिवसा झोपायचं म्हटलं तर अंधार लागतो. आणि रात्री उजेड नको तेव्हा मामंजींचा तो दिवा थेट डोळ्यांत. म्हणून कायमचंच ठोकलं."

"काल रातीला बाहेरचं काय दिसलं?"

"काहीच नाही. नऊला जयराजभाऊजींना दूध दिलं, ते रोजच देते. मग पाचपर्यंत काम. लाइट एकदाही गेली नाही, नाहीतर नेट बंद पडलं असतं."

"गोळ्या?"

"सांगलीच्या डॉक्टरांनी दिल्या. झोपेची वेळ उलटी झाली होती म्हणून. आबा, त्यांनी माणूस पडत नाही हो. पडत असता तर मीच रोज सकाळी पडले नसते का? कापड ठोकेपर्यंत त्यांचा उपयोगसुद्धा झाला नाही. आणि ती बाटली पंधरा दिवसांपूर्वीच माझ्या खणातून गेली. मला वाटलं सासूबाईंनी फेकली. त्यांना माझी रात्रीची नोकरी आवडत नाही. मी विचारलं नाही, दुसरी आणली."

नाथाजीनं खिशातली बाटली उघडून एक गोळी जिभेवर ठेवली. फसकन विरघळली. संत्र्याची चव. तोंडात टाकेपर्यंत हे कळायला वाव नव्हता. बाटलीवर नाव आणि आकडे सोडून काही नव्हतं.

"तुला माझ्यावर भरोसा हाय?"

"मला आता कुणावरच नाही," प्रांजल म्हणाली. "पाचला जायचं, एवढंच माहीत आहे. चोर म्हणून जायचं. अमृतचा फोन लागेल तेव्हा त्याला आधी त्यांचं ऐकायला मिळेल."

 नाथाजीनं आतल्या आत भाऊसोंना एक लष्करी शिवी हासडली आणि शेडाकडं निघाला.

३

जयराज फौजेत भरतीची तयारी करत होता. चार वर्षं करत होता. एवढ्या तयारीत दुसऱ्या एखाद्यानं पलटण उभी केली असती. अंगावर आर्मीचं टीशर्ट, पायात आर्मीचे बूट आणि डोळ्यांखाली शाईचे डाग पडावेत तशी काळी वर्तुळं.

"सांग."

"काय सांगू? वयनीनं दूध दिलं. दोन घोट घेतलं न्हाईत तवर धाडदिशी पडलो. जे पडलो ते मामानं दहाला लाथ घातली तवा उठलो."

"मधी जाग न्हाई आली?"

"मेलेल्याला येती व्हय? माज्या बाजेवरनं मेंढा नेला आसंल तरी कळलं न्हाई."

"आन् दिवा?"

"चालूच व्हता. राती चालू, सकाळी चालू. आमचा दिवा कवाच बंद नसतोय."

नाथाजीनं बाज पाहिली. उशाशी भिंतीवर फोकसचं बटण. दोन हातांवर लोखंडी फाटक, त्याला आतून कडी. कडी धडधाकट. कुलूपही धडधाकट, पण खिळ्याला टांगलेलं.

"ह्या गोळ्या आदी कवा बगितल्यास?"

"मी कशाला बगतोय बायकांची औषधं? आज सकाळी बाटली घावली तवाच."

"दुधाला निराळी चव न्हाई आली?"

"हळद व्हती की. आन् ती गोळी नुसती जिभंवर ठिवली तरी फसकन विरगळती, गरम दुधात काय ऱ्हातंय तिचं?"

नाथाजीनं मान डोलावली. असा हुशार पोरगा फौजेनं का घेतला नाही याचं त्याला खरंच नवल वाटलं.

"आबा, कागदावर सही करा की," जयराज म्हणाला. "वयनीचं वाईट वाटतंय, पर मी काय करनार?"

"तू लय केलंस गड्या," नाथाजी म्हणाला. "आता ऱ्हायलंय ते मी करतो."

४

भाऊसोंची बायको अंजना मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. नाथाजी दगडावर बसला.

"वयनी, सुनेची बाटली तुमी टाकली काय? पंधरा दिसांमागं?"

"मी? तिच्या खोलीत मी पाऊल टाकत न्हाई. तितं दिवसा रात आसती आन् राती दिवस. मला भ्या वाटतं." तिनं एका कोंबड्याला हाकललं. "ह्यो बी तसाच झालाय. त्यो दिवा लागल्यापास्नं राती एकला आरवतोय. तीनला आरवतोय. मनात येईल तवा. ह्याच्या पायी मला दोन महिनं झोप न्हाई. कापून खावा म्हनलं तर काल राती शाण्यागत वागला."

"म्हंजे?"

"गप बसला की. फटफटायला लागल्यावर एकदाच आरवला, येळंवर. मी ऐकलं आन् कूस बदलून परत झोपले. म्हनलं, झोपू दे बाई जगाला."

नाथाजी दगडावरून अर्धा उठला आणि परत बसला.

"आन् शेजारच्या रानात बनुबाई बसलीया का?" जतकडची बनुबाई दरवर्षी ऊस निघाला की आपला कळप घेऊन यायची. रात्री मेंढ्या नांगरलेल्या रानात बसवायच्या, रानाला लेंडीखत मिळायचं आणि तिला रातीमागं दोन पायल्या जोंधळे. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं.

"तिचं बी डोकं फिरलंय बगा. पाच राती ठरल्या व्हत्या. तीनच बसली आन् आज दिस उगवायच्या आत कळप हाकून गेली. पयल्या रातीचं जोंधळं नेलं, बाकी दोन रातीचं काढून ठिवल्यात, तसंच पडल्यात. धनगराची बाई दाण्यावर पानी सोडून जाती का कवा?"

"तिच्यावर संशय न्हाई आला कुनाला?"

"बनुबाईवर? तिनं पंचवीस वर्षांत आमची काडी उचलली न्हाई. आन् येवड्या उजेडात कॅप्टनला पायी कोन नेईल? आख्ख्या कुंडलला दिसलं आसतं."

नाथाजी आता पुरता उठला. साडेतीन झाले होते.

"वयनी, एक ग्लास ताक करा. आन् समद्यांस्नी अंगनात बोलवा."

५

चार वाजता अंगणात सगळे जमले. भाऊसो खुर्चीवर, अंजना उंबऱ्यात, प्रांजल बॅगेशेजारी उभी. मधे बाजेवर जयराज. हातात ताकाचा ग्लास.

नाथाजीनं खिशात हात घालून चार पांढऱ्या गोळ्या काढल्या, सगळ्यांना दाखवल्या, ग्लासात टाकल्या आणि चमच्यानं बराच वेळ ढवळल्या. तोंडात त्याच्या काहीतरी होतं; पेपरमिंट असावं.

"आता हिशेब सोपा हाय," तो म्हणाला. "काल दोन घोटात ह्यो पडला. आज बी पडला, तर गोळ्या गुंगीच्या. मी सही करतो. न्हाई पडला, तर न्हाई."

"घटाघटा पी रं," भाऊसो म्हणाले.

जयराजनं ताक संपवलं. मिशी पुसली. मिनिटभर त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. मग डोळे जड केले, मान कलती केली, जीभ जराशी बाहेर काढली आणि बाजेवर असा आदळला की बाजेचा एक पाय सुटला. घोरणं तर असं काढलं की वळचणीच्या चिमण्या उडाल्या आणि समोरच्या आळीतल्या कुत्र्यानं जबाब दिला.

"बगा," भाऊसो म्हणाले. "करा सही."

प्रांजलनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

नाथाजी बाजेशी गेला. जयराजचा उजवा हात धरून त्याच्याच नाकावर, वीतभर उंच नेला आणि सोडून दिला. हात खाली आला. पण नाकाशी येताच सुज्ञपणे डावीकडं वळला आणि गादीवर पडला. नाथाजीनं परत उचलला. परत सोडला. परत वळला. तिसऱ्या वेळी तर कानाला वळसा घालून गेला.

"शुद्ध गेलेल्याचा हात सरळ नाकावर आपटतो," नाथाजी म्हणाला. "नाकाची काळजी घ्यायला शुद्ध लागती. आघाडीवर जायच्या आदल्या दिशी बेशुद्ध पडनारे साडेतीनशे बहाद्दर म्या असे तपासले. त्यातल्या तिघांची नाकं फुटली. ते तिघं खरंच आजारी व्हते."

घोरणं बंद पडलं.

"आन् ताकात माज्या गुडघ्याच्या गोळ्या हायत. कॅल्शियमच्या. मेलाटोनिन ह्या हितं." त्यानं जीभ बाहेर काढून दाखवली. "दुपारपास्नं चार खाल्ल्या. उभा हाय का न्हाई?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लोणंदवरून प्रांजलचे वडील आले होते.

६

"मेलाटोनिन म्हंजे काय हाय, भाऊसो," नाथाजी म्हणाला. "तुमच्या डोस्क्यात, मधोमध, तांदळाच्या दान्यायेवढी गाठ हाय. मेंढ्याच्याबी हाय, काळजी करू नका. अंधार पडला की ती हे सोडती आन् अंगभर दवंडी पिटती, रात झाली, रात झाली. अंग जरा गार पडतं, डोळं जड व्हतात. गोळी म्हंजे तीच दवंडी, बाहेरनं आणल्याली. दवंडी पिटणारा कोतवाल कुनाला धरून झोपवत न्हाई. कुनाला तासाभरानं पेंग यील, कुनाचं डोकं दुकंल, कुनाला सपनं पडतील. दोन घोटात कोन लाकूड व्हत न्हाई. आन् डोळ्यावर उजेड मारला की आतली दवंडी बंद पडती, बाहेरची बी फुकट जाती."

"पर मी बी झोपलो की," भाऊसो म्हणाले. "मी, ही, समदं घर."

"आन् तुमचा कोंबडा. त्याला कुनी हळदीचं दूद पाजलं?"

सगळ्यांच्या माना खुराड्याकडं वळल्या.

"दोन महिनं रातभर आरवनारं पाखरू काल फटफटल्यावर आरवलं, म्हंजे काल अंधार व्हता. लाइट गेली नव्हती, सूनबाईचं काम चालू व्हतं. म्हंजे दिवा हातानं बंद केला. बटन ह्याच्या उशाला. दोन महिन्यांत पयल्यांदा ह्या घरावर रात पडली आन् समदी आपापल्या झोपंनं झोपली. कुनी कुनाला कायबी चारलं न्हाई."

जयराज आता बाजेवर उठून बसला होता आणि बूट पाहत होता.

"ही बाटली ह्यानंच पंधरा दिसांमागं खनातनं उचलली. जिभंवर ठिवली की फसकन विरगळती, हे त्यानं मला सांगितलं; जो म्हनतोय आज सकाळी पयल्यांदा बगितली. खाल्ल्या, आन् त्या दिव्याखाली टक्क जागा ऱ्हायला. काल वैतागून दिवाच बंद केला. कुलूप तसंच खिळ्याला, कडी लावायचं इसरला. पहाटं उठला तर कॅप्टन न्हाई. मग दिवा चालू केला, बाटली टाकली आन् परत आडवा झाला. बरोबर का रं?"

"साठ राती झोपलो नव्हतो आबा," जयराज बुटांना म्हणाला. "डोळं मिटलं की पांढरंच दिसायचं. मामाला सांगितलं तर म्हनला, फौजेत कसा टिकशील?"

"दिवा बंद केलास ह्यात मी तुजी चूक धरत न्हाई. म्या बी केला आसता, मामाच्या डोक्यात घातला बी आसता. पर सकाळी उठून, पोटभर झोप झाल्यावर, ताज्या डोस्क्यानं तू ठरिवलंस की आपल्या शिव्या चुकवायला वयनीचं घर मोडायचं. रोज दूद देनारीचं." नाथाजीनं त्याच्याकडं पाहिलं तसं तो लष्करात पू भरलेल्या जखमेकडंही पाहत नसे. "फौजेनं तुला चार वर्षं घेतलं न्हाई. फौजेला नजर हाय."

"पर माजा कॅप्टन कुटं हाय?" भाऊसो म्हणाले. सून, भाचा, कोंबडा, सगळं ऐकून त्यांच्या पदरात एवढंच पडलं होतं.

"बनुबाईचा नंबर लावा. आवाज मोठा करा."

फोन बराच वाजला. मग मेंढ्यांचा गलका आणि त्यावरून बनुबाईचा आवाज आला. "कोन? हवालदार व्हय. मी म्हनलंच कुनाचा तरी फोन यील."

"आमचं जनावर हाय का तुमच्यात?"

"हाय की. म्या काय आवतान धाडलं नव्हतं. राती फाटक उघडून आपल्या पायानं आलं. दोन येळा हाकललं, दोन येळा परत आलं. दोरी न्हाई, दावं न्हाई. पंख्याखाली जलम काढला बिचाऱ्यानं, बाई मानूस बगायला मिळतं ते बी पावती फाडून."

"मग परत का न्हाई धाडलं?"

"सांजच्याला सांगावा धाडनार व्हते. म्हनलं, दोन रातीचं जोंधळं तुमाला सोडलं, तुमी एक रात मेंढा सोडा. आमच्या अकरा मेंढ्या खूश हायत. जरा दमलाय. आता झोपलाय सावलीला. लय गाढ."

७

जयराजला मेंढा आणायला पायी पाठवलं. पावणेदोन कोस, उन्हातून, आर्मीच्या बुटांत. भरतीची तेवढीच तयारी झाली.

भाऊसो खाकरले. व्याह्यांकडं पाहून म्हणाले, "आता आलाच हायसा तर च्या घिऊन जावा. सूनबाई, च्या टाक."

प्रांजल हलली नाही. मग तिनं बॅग उचलली, चालत गाडीपर्यंत गेली आणि मागच्या सीटवर बसली.

"आता कशाला?" भाऊसो म्हणाले. "मिटलं की समदं."

"सकाळी तुम्ही मला चोर म्हणालात, मामंजी. चहा टाक म्हणून ते पुसलं जात नाही." तिचा आवाज चढला नाही. "आणि मी रागानं जात नाही. मला झोप हवी आहे. सासूबाईंना हवी आहे. तुम्हालासुद्धा हवी आहे, म्हणून तर आज साडेनऊपर्यंत झोपलात. तो दिवा उतरेल त्या दिवशी मी उतरेन."

वडिलांनी मुलीकडं पाहिलं आणि गाडी सुरू केली. पण पुढं नेली नाही. गाडी नुसती उभी राहून गुरगुरत राहिली.

भाऊसोंनी नाथाजीकडं पाहिलं. नाथाजीनं आभाळाकडं पाहिलं. अंजना कुणाकडंच न पाहता आत गेली आणि शिडी ओढत बाहेर आली. शेडाला टेकवली. बाजूला उभी राहिली.

मेंढ्याला लाखाची बोली आली तरी न वाकलेला माणूस धोतर खोचून शिडी चढला. दिवा काढायला त्याला पंधरा मिनिटं लागली. तोंडानं तो सबंध वेळ कुणाची तरी आई काढत होता, बहुतेक विजेची. शेवटी फोकस खाली आला आणि भाऊसोही आले, हात काळे करून.

"च्या मीच टाकते," अंजना म्हणाली. "तू बॅग घिऊन ये. आन् सकाळचं…" ती भाऊसोंकडं वळली. "ते तुमी अमृतचा फोन लागला की तुमच्याच तोंडानं सांगा. मी बाजूला हुबी ऱ्हाते."

भाऊसोंनी मान हलवली. तेव्हाच प्रांजलनं पाय खाली टाकला.

नाथाजी घरी निघाला. दिवस कलला होता, आणि दुपारच्या चार गोळ्या की सत्तरी, कोण जाणे, वेशीपर्यंत त्याला तीन जांभया आल्या. मागं वळून पाहिलं तर भाऊसोंच्या शेडावर बऱ्याच दिवसांनी साधा अंधार उतरत होता, आणि अंजनाचा कोंबडा कुणी न हाकलता खुराड्यात शिरत होता.